खुर्च्या रिकाम्या, ओटा भरलेला

‘त्या पहाटे बाबांनी मला दादाचा रेनकोट घातला आणि—’

हेतलने वाक्य तिथेच सोडलं. पुस्तकांच्या दुकानाच्या दारात कमलेश येऊन उभा राहिला होता.

तो आत आला नाही. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, चौकटीला खांदा टेकून, हाताची घडी घालून, कोण कोण येतंय ते बघत राहिला. कोणीच येत नव्हतं. दुकानाच्या मालकिणीने, प्रणालीने, पुस्तकांची टेबलं भिंतीकडे सारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्या एकूण एक रिकाम्या. रस्त्यापलीकडे, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या ओट्यावर मात्र कोळीवाड्यातल्या बायका दाटीने बसल्या होत्या. बाजार केव्हाच उठला होता. टोपल्या रिकाम्या होत्या. तरी एकही घरी गेली नव्हती, आणि एकही रस्ता ओलांडत नव्हती.

"वाच ना," कमलेश म्हणाला. "थांबलीस कशाला? खुर्च्यांना ऐकू दे."

आदल्या संध्याकाळी तो हेतलच्या घरी येऊन गेला होता. आवाज चढवला नाही, चहासुद्धा घेतला. म्हणाला, मासेमारीच्या होडीत बाई पाय ठेवत नाही, ठेवला तर जाळ्यातलं म्हावरं पळतं, आपल्या कोळीवाड्यात आजवर एकीनेही ठेवलेला नाही. आणि ही पोरगी पुस्तक छापून सांगते की भाऊ उरणला कंटेनरच्या कामाला लागल्यापासून बापाबरोबर जाळं तीच ओढते. "उद्या दुकानात वाचलंस, तर परवापासून तुझ्या बापाच्या म्हावऱ्याला लिलावात बोली लागणार न्हाय. बोली लावणाऱ्या बायकांना सांगून ठेवलंय मी. त्यापेक्षा म्हण, मनानं रचलेली गोष्ट हाय, खरी न्हाय. मी पण विसरतो."

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "तुला काय करायचं ते कर. मला इचारू नको." आणि जाळं शिवायला घेतलं.

आता प्रणाली वाकून हळूच म्हणाली, "नको असेल तर आत्ता सांग. मी माईक बंद करते." तिच्या या एवढ्याशा दुकानात मांडव्याच्या धक्क्याला बोटीतून उतरून आलेल्या मुंबईच्या लेखकांचे कार्यक्रम झाले होते. गावातल्या माणसाचं पुस्तक पहिल्यांदाच आलं होतं.

"बंद नको," हेतल म्हणाली. "स्पीकर बाहेर ठेव. ओट्याकडे तोंड करून."

प्रणालीने स्पीकर उचलला आणि कमलेशच्या पायाशी, पायरीवर नेऊन ठेवला. हेतलने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

‘त्या पहाटे बाबांनी मला दादाचा रेनकोट घातला आणि टोपी नाकापर्यंत ओढली. थंडी वाजत नव्हती. भीती वाटत होती, की पाय टाकताच—’

कमलेश मोठ्याने खाकरला.

‘—पाय टाकताच होडी मला ओळखेल. होडीने ओळखलं नाही. ती नुसती हलली. कोणीही चढलं की हलते, तशी.’

ओट्यावरची एक म्हातारी उठली. केसर, कमलेशची आई. ती सरळ रस्ता ओलांडून आली. मुलगा दारातून हलेना, तेव्हा तिने कमरेवरची टोपली त्याच्या पोटाला लावली आणि चालत राहिली. तो बाजूला झाला.

"आये, घरा चल."

"बसू दे जरा. पाय दुखतान."

ती पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसली. या म्हातारीने हेतलला लहानपणी मांडीवर खेळवलं होतं. आता उठून शिव्या दिल्या, तर त्याही स्पीकरवरून सगळ्या गावाला ऐकू जाणार होत्या.

‘दोर हातातून निसटतो, तेव्हा तळव्याची साल घेऊन जातो. मग त्यावर खारं पाणी. ओरडायचं नाही. शेजारच्या होडीला आवाज गेला, तर तो बाईचा—’

केसरने पदराखाली आपले तळवे एकमेकांवर घासले.

"खोटं हाय," कमलेश म्हणाला. रस्त्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "या गावात असं कधी झालंच न्हाय. कोणालाही इचारा. माझ्या आयेला इचारा."

आयेने त्याच्याकडे बघितलंच नाही. "गो बाय," तिने प्रणालीला विचारलं, "येत्या शनवारी काय ठेवलंस दुकानात?"

"मुंबईचे एक कवी येणारेत, मावशी. नवीन पुस्तक आलंय त्यांचं."

"त्याला सांग, मागाहून ये. येता शनवार माझा."

कमलेशला हसू आलं. "आये, तू कधी पुस्तक लिवलंस?"

"लिवलं न्हाय. तू पाळण्यात व्हतास तवा तुझा बाप अंथरुणाला खिळला. दोन पावसाळे उठला न्हाय. होडी कोण नेत व्हतं, इचारलंस कधी? त्याची टोपी घालून मी जायची. म्हावरं पळालं असतं, तर तू आज चेअरमन नसतास."

कमलेशच्या हातांची घडी सुटली. त्याने ओट्याकडे पाहिलं. "म्हातारपणात कायपण बोलते," तो म्हणाला, आणि कोणीतरी हसेल म्हणून थांबला.

कोणी हसलं नाही. नलू उठली. रोज पहाटे लिलावात पहिली बोली लावायची ती हिने, मग बाकीच्यांनी. तिने लुगडं झटकलं, टोपली उचलली, रस्ता ओलांडून पायरीपाशी आली आणि कमलेशच्या खांद्यावरून आत डोकावून प्रणालीला म्हणाली,

"बाय, केसरच्या पुढचा शनवार कोणी घेतला न्हाय ना?"