पुलाखालचं चित्र

“चित्र फुटतंय का?” समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता फिटरनं विचारलं.

“अजून तरी नाही,” मागच्या सीटवरून बायको म्हणाली.

टीव्हीचा पडदा पुढच्या सीटच्या पाठीला बसवलेला होता. चालवणाऱ्याला तो दिसून उपयोगाचं नाही, म्हणून चाचणीला नेहमी दोघं लागत. एरवी मागे छोट्या बसायचा. छोट्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यापासून यांच्याकडेच वाढलेला, आणि आता फिटरच्या शेडमधला भागीदार. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्याचं, हातानं करायचं फिटरचं. गाड्यांच्या कंपनीची माणसं उद्या हा गाडीतला टीव्ही बघायला येणार होती, ती त्यानंच गाठली होती. पण आज सकाळी पांघरुणातून तोंडही बाहेर न काढता तो म्हणाला, “दाजी, अंगात कणकण आहे. ताईला घेऊन जा.”

उभ्या गाडीत टीव्ही कुणीही लावून देईल. गाडी धावायला लागली, की टॉवर कधी डाव्या हाताला येतो, कधी पाठीमागे जातो. शिवाय इमारतींवर आपटून तोच सिग्नल दहा वाटांनी मागेपुढे पोचतो. मग चित्राचे चौकोन होतात, बोलणाऱ्याचं तोंड अर्ध्यावर थिजतं. फिटरनं तीन वर्षं यात घातली होती. काचांवर केसासारख्या चार बारीक वायरी, सीटखाली एक डबी. सगळीकडे जमलं होतं, फक्त रेल्वेच्या पुलाखाली चित्र हटकून फुटायचं. काल त्यानं डाव्या काचेवरची वायर सोडवून तिरकी चिकटवली होती.

“शहरातला चॅनेल लाव,” तो म्हणाला. “त्याचा टॉवर लांब आहे. खरं काय ते तिथे कळेल.”

तिनं बटण दाबलं. मग तिचा आवाजच येईना.

“काय झालं? गेलं?”

“नाही. छोट्या दिसतोय.”

“थट्टा नको गं आत्ता.”

“अहो, खरंच. नवा शर्ट घातलाय. वर कोपऱ्यात ‘थेट’ असं लिहिलंय.”

तेवढ्यात त्याला आवाज ऐकू आला. घरातला, रोजचा आवाज. फक्त शब्द जरा घासूनपुसून घेतलेले.

“सोपं करून सांगतो,” छोट्या म्हणत होता. “गर्दीत एकाच माणसाला विचारलं, तर त्याला नीट ऐकू आलेलं असेलच असं नाही. म्हणून मी चार माणसं चार कोपऱ्यांत उभी केली. ज्या क्षणी ज्याला नीट ऐकू येतं, त्या क्षणी त्याचंच ऐकायचं. माझी डबी हेच करते.”

बायकोनं मान वर केली. आरशात दोघांची नजर भेटली. ही चार माणसं फिटरची होती. ओट्याशी उभं राहून, चार पेले चार कोपऱ्यांत मांडून, त्यानं तिला हे समजावलं होतं. छोट्या तेव्हा तिथेच जेवत बसला होता.

“आणि हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?” मुलाखत घेणारीनं विचारलं.

“तसं एकट्यानंच. पण घरच्यांचे उपकार विसरून कसं चालेल? माझे दाजी गाड्या दुरुस्त करतात. या विषयातलं त्यांना फारसं कळत नाही, पण शेडमधला एक कोपरा त्यांनी मला मोकळा करून दिला. मनानं फार मोठा माणूस.”

मागे टाळ्या झाल्या. कालच कंपनीशी करार झाल्याचं त्या बाईनं सांगितलं, आणि छोट्याचं अभिनंदन केलं.

“गाडी थांबवा,” बायको म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. “थांबवा म्हणते ना!”

“पूल येऊ दे.”

“अहो, तो काय बोलतोय ते कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय. पूल येऊ दे.”

गाडी पुलाखाली शिरली. काळोख झाला. वरून मालगाडी चालली होती, तिची धडधड टपावर उतरली. छोट्या आपल्या कष्टांबद्दल बोलत होता, आणि त्याचा एक शब्दही तुटला नाही. गाडी पलीकडे उन्हात निघाली तेव्हा तो भरल्या गळ्यानं सांगत होता, “माझी ताई आत्ता बघत असेल तर... ताई, करून दाखवलं बघ!”

फिटरनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. इतक्या महिन्यांनी आज पहिल्यांदा पुलाखाली चित्र टिकलं होतं, आणि हे सांगायला धावत घरी जावं असं घरात कुणी उरलं नव्हतं.

मागे जाहिरात सुरू झाली. बायकोनं टीव्ही बंद केला. ती उतरली, पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी येऊन बसली. शेजारून वाहनं जात राहिली.

“सुटला असेल आता,” शेवटी फिटर म्हणाला. इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघूनच गेलं. “स्टुडिओ शहराच्या त्या टोकाला आहे. त्याला घ्यायला जायला हवं.”

तिनं पट्टा ओढून लावला आणि समोर बघत राहिली.

“घरी चला,” ती म्हणाली. “त्याचं कपाट फार जड आहे. मला एकटीला बाहेर काढता यायचं नाही.”