क्लचचं कारण

गाडी भर चौकात बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं, एक जण खिडकीशी येऊन "बाई, जमत नसेल तर कशाला काढता गाडी?" असं ऐकवून गेला, आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईने हे सगळं मुकाट्याने पाहिलं. चष्मा आणायला निघालेल्या त्या दोघी अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. आईला तिच्या घरी सोडून बायको आली आणि तिने किल्ली नवऱ्यापुढे ठेवली.

"आजपासून मी गाडी चालवणार नाही."

आवाज चढलेला नव्हता. तेच त्याला जड गेलं. पन्नाशीला टेकल्यावर हट्टाने ड्रायव्हिंग शिकलेली बाई ती.

गाडी जुनी. इंजिन सांभाळणारा तिचा मूळचा कॉम्प्युटर जळला आणि तसा आता कुठे मिळेना, म्हणून त्याने दुसऱ्याच बनावटीचा आणून स्वतः बसवला होता. पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्यात त्याचा जन्म गेला होता, तारांचं त्याला भय नव्हतं. गाडी झकास चालू लागली. फक्त बायकोच्या हातात ती सिग्नलला बंद पडायची. "तू क्लच सोडतेस," हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याच्या हातात ती कधी बंद पडली नव्हती ना! एकदा तर भरल्या घरात मेहुण्यांपुढे तो म्हणाला होता, की आमची गाडी सिग्नल बघून नाही, ड्रायव्हर बघून थांबते. सगळे हसले. तीही हसली होती.

दुपारी त्याने तिला कशीबशी गाडीपर्यंत आणलं. काही चालवू नकोस, म्हणाला, रोज बसतेस तशी नुसती बस. ती बसली. तो बॉनेट उघडून इंजिनावर वाकला. इंजिन सुरू झालं, छान घुमू लागलं. तिने काचा वर घेतल्या, एसी लावला. इंजिनाने एक आवंढा गिळल्यासारखं केलं आणि ते मेलं.

त्याने काचेतून आत पाहिलं. गाडी न्यूट्रलमध्ये होती, आणि बायको दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसली होती.

एसी कशाला लागतो, असं त्याने विचारलं. आईला धुळीने खोकला येतो, ती म्हणाली, म्हणून काचा बंद, आणि काचा बंद म्हणून एसी. तो स्वतः कायम काचा उघड्या टाकून, एसी न लावता गाडी चालवायचा. इंजिनाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. एसी लावून बघावं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

एसीचा भार पडला की इंजिनाला जरा जास्त हवा द्यावी लागते. गाडी उभी असताना ते काम एक छोटासा व्हॉल्व्ह करतो. कॉम्प्युटर सांगेल तसा त्याचा दांडा आत-बाहेर होतो. त्याने तो व्हॉल्व्ह खोलून काढला, तारा तशाच ठेवून हातात धरला आणि लॅपटॉपवरून हुकूम दिला: उघड.

दांडा आत जायला हवा होता. तो सरसर बाहेर आला.

"बाहेर येतोय," बायको मागून म्हणाली. ती केव्हा खाली उतरली, त्याला कळलं नव्हतं. "यायला हवा का?"

त्याने तारा तपासल्या. व्हॉल्व्ह चांगला होता, कॉम्प्युटरही चांगला होता. व्हॉल्व्हच्या चिमुकल्या मोटारीत दोन कॉइल, त्यातल्या एकीच्या तारा त्यानेच उलट्या जोडल्या होत्या. कॉम्प्युटर उघड म्हणाला, की व्हॉल्व्ह बंद व्हायचा. बिचाऱ्या इंजिनाला श्वास हवा असायचा तेव्हाच त्याचा गळा आवळला जायचा.

त्याने दोन तारांची अदलाबदल केली, सोल्डरचा डाग दिला, व्हॉल्व्ह जागेवर बसवला. इंजिन सुरू करून एसी लावला. आवाज किंचित खाली गेला, सावरला, आणि मग तसाच चालू राहिला.

हात पुसायला त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ लावला. तोंडाशी एक वाक्य तयार होतं. ते त्याने गिळलं.

"वायरी मी उलट्या जोडल्या होत्या," तो म्हणाला. "तुझ्या क्लचचा काही संबंध नव्हता."

ती चालू इंजिनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी इथे उभी नसते, तर काय सांगितलं असतंत?"

"व्हॉल्व्हमध्ये कार्बन साचला होता, म्हणालो असतो."

तिने मान हलवली. बॉनेट तिनेच खाली आणलं, दोन्ही हातांनी दाबून खटकन लावलं, आणि स्टीअरिंगमागे जाऊन बसली. तो वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला, दार उघडलं.

"मागे बसा," ती म्हणाली. "पुढे आई बसेल. आणि तिला हे सगळं तुम्हीच सांगा."