एकाच दाराची दोन दुकानं

"आमचं नाव चुकून आलंय," घड्याळवाला म्हणाला आणि खिशातलं पत्रक त्याने टेबलावर हाताने सरळ केलं.

हिंदू संघटनेच्या कार्यालयात अध्यक्ष एकटेच होते. वयाने घड्याळवाल्याच्या मुलाएवढे, बोलायला मऊ. 'यांच्याकडे खरेदी करू नका' या ओळीखाली बावीस दुकानं होती. सातवं चष्म्यांचं, आठवं घड्याळांचं.

"काका, तुम्ही आपले?"

"आपलाच. चष्म्यांचं दुकान मुसलमानाचं. दार दोघांना एकच. आत गेलं की डावीकडे तो, उजवीकडे मी. यादी करणाऱ्याने दोन्ही त्याचीच धरली असणार."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "यादी करायला पोरं पाठवली, ती नीट न विचारताच नावं लिहून आली. चूक आमची आहे, नाही म्हणत नाही." त्यांनी चहा मागवला.

"मग तेवढं छापून द्या. अकरा दिवसांत तीन माणसं दुकानात आली. त्यातली दोन पत्ता विचारायला."

"छापता येत नाही. या पत्रकावरून आमच्यावर खटला चालू आहे. एक नाव चुकलं म्हणून लिहून दिलं, की पत्रक आमचंच होतं हे कबूल केल्यासारखं होतं. वकिलांनी बजावलंय." त्यांनी खण उघडून तळहाताएवढा स्टिकर काढला. संघटनेचं भगवं चिन्ह होतं. "हा लावा. उद्यापासून कोणी अडवणार नाही. फक्त दारावर नको, दार दोघांचं आहे. तुमच्या काचेवर लावा."

घड्याळवाल्याने चहा संपवला. उठता उठता विचारलं, "आणि सातवं नाव?"

"ते बरोबरच आहे ना, काका."

जिना उतरताना त्याला यावर द्यायचं उत्तर सुचलं. एका पायरीवर तो थांबला. मग खाली उतरला.

दुकानात चष्मेवाला दोन्ही बाजू सांभाळत होता. सकाळी त्यानेच घड्याळवाल्याला पाठवलं होतं. म्हणाला होता, निदान एकाचं नाव तरी निघू दे, दोघांनी मिळून माशा मारण्यात काय अर्थ आहे.

"एक बाई येऊन गेली. भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय म्हणे. मी म्हटलं, मालक येतीलच, बसा. तिने मला पाहिलं आणि गेली," चष्मेवाला म्हणाला. "तुझं काय झालं? छापतायत?"

घड्याळवाल्याने स्टिकर काउंटरवर पालथा ठेवला. चष्मेवाल्याने तो उलटवला आणि हात लांब करून पाहिला, गिऱ्हाइकाने आणलेला डॉक्टरचा कागद पाहावा तसा.

"मी नाही लावणार," घड्याळवाला म्हणाला.

"का?"

"तुझ्याशेजारी बसून?"

"मग कुठे बसणार आहेस?" चष्मेवाल्याने स्टिकर त्याच्यापुढे सरकवला. "वहिनी घरी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. माझ्या घरीही तेच चाललंय. तुझं चाललं तर दार तरी उघडं राहील. दोघांचं बंद पडलं तर कुलूपच."

घड्याळवाला उठला आणि स्टिकर घेऊन स्वतःच्या काचेपाशी गेला. मागचा कागद नखाने सोडवू लागला.

"थांब," चष्मेवाला म्हणाला. "धुळीवर चिकटायचा नाही."

भिंगं पुसायचं मऊ फडकं घेऊन तो आला. काचेवर फवारा मारला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काच पुसली, वाकून उजेडात पाहिली, पुन्हा एकदा पुसली. "आता लाव. जरा वर. रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

घड्याळवाल्याने लावला. मधोमध हवेचा एक बुडबुडा राहिला. चष्मेवाल्याने त्यावर अंगठा ठेवला आणि दाबत दाबत तो हळूहळू कडेपर्यंत नेला.