गाळलेलं कडवं

"बाई, शेवटचं कडवं तेवढं गाळा," रघुवीर म्हणाला.

लालबागच्या मैदानात सभा भरली होती. स्टेजच्या मागे ललिताबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"का?"

"लोक मोर्चाच्या तयारीनं आलेत. त्यांना रडवून कसं चालेल? आणि रेकॉर्डमध्येही ते नाहीच."

रेकॉर्डचं नाव निघताच बाईंच्या कपाळाची शीर उठली. 'नीघ वीरा, गड साद घालतो' हे पद नाटकात पहिल्यांदा त्यांनीच म्हटलं होतं. मुलाला लढाईवर धाडणारी आई, हातात ओवाळणीचं तबक, संथ लय. मग रेकॉर्डवाल्यांनी ते एका पोरसवदा गायकाकडून बिगुलाच्या साथीत म्हणवून घेतलं. शाळांनी त्यावर लेझीम बसवलं. गिरगावातला बँडवाला वरातीत वाजवू लागला. ज्यानं त्यानं लय वाढवली, आणि शेवटचं कडवं गाळलं.

"त्या कडव्यासाठीच तर बाकीचं गाणं आहे, रघुवीर. आई तोपर्यंत खोटं बोलत असते."

रघुवीरनं नुसतं माइककडे बोट दाखवलं.

बाईंनी सूर लावला. पहिली ओळ पुरी होण्याआधीच ढोलकी पळत सुटली. त्यांनी हातानं 'सावकाश' अशी खूण केली. ढोलकीवाल्यानं हसून मान डोलावली, पण तोवर मैदानानं टाळ्यांचा ठेका धरला होता. सगळे गळे त्यांच्या पुढे धावू लागले. आपलंच गाणं गाताना बाईंना धाप लागली.

तिसरं कडवं संपलं. त्यांनी डोळे मिटले. 'येशील ना रे तिन्हीसांजेला...'

एवढंच बाहेर पडलं. रघुवीरनं माइक ओढून घेतला.

"संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" मैदान गरजलं.

खाली उतरल्यावर तो खुशीत म्हणाला, "पब्लिकनं गाणं कसं उचललं, बघितलंत?"

"उचललं खरं. माझ्या तोंडातून."

बाई तणतणत ट्रामच्या दिशेनं निघाल्या. मैदानाच्या कडेला एका लुगडं नेसलेल्या बाईनं त्यांना थांबवलं.

"मी यशोदा. समोरच्या चाळीत रवतंय. तुमचा नाटक बघलंय मी."

ललिताबाईंचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "म्हणजे शेवटचं कडवं ठाऊक आहे तुम्हाला! बघा ना, म्हणूच दिलं नाही मला."

"बरा झाला," यशोदा म्हणाली. "जानेवारीच्या गोळीबारात आमचो पोरगो रामू गेलो. तां माझ्याच्यान ऐकवला नसता."



मैदानात लोकांनी गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं होतं. यशोदा वळली, गर्दीत शिरली आणि सगळ्यांबरोबर जोरजोरात टाळ्या वाजवू लागली.