दुपारचं कीर्तन

"चिरंजीव, ते खोकं बदला आता," आप्पा म्हणाले आणि केदारचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. त्याच्या गेमिंगच्या कॉम्प्युटरला इतकी वर्षं नावं ठेवणारे वडील आज आपणहून हे बोलतायत, म्हणजे यात नक्की काहीतरी काळंबेरं होतं. लग्नाचा विषय काढायचाय? की त्याची खोली कर्वेनगरच्या कॉलेजातल्या पोरांना भाड्याने द्यायचीय?

"दिवाळीत बघू, भाव उतरले की," तो सावधपणे म्हणाला.

"तोवर हे असंच अडकत चालणार? निदान ग्राफिक्स कार्ड तरी घ्या. बाकीचं मागाहून."

ग्राफिक्स कार्ड? सुट्टीच्या दुपारी दार लावून, हेडफोन घालून नव्या लॅपटॉपवर कीर्तन ऐकणाऱ्या आप्पांच्या तोंडी?

"आप्पा, खरं सांगा. माझ्या कॉम्प्युटरशी तुम्हाला काय करायचंय?"

आप्पांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले,

"काल दुपारी पुलावरच्या लढाईत तुझा कॉम्प्युटर अडकला. तुला वाचवायला मी मागे फिरलो, आणि फुकट मेलो."