वादळाला खेळव

ऊर्मी फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिचं रॉक गाणं सलग पाचव्या आठवड्यात रेडिओच्या यादीत पहिलं होतं, आणि त्या पाच आठवड्यांत तिला नवी ओळ सुचली नव्हती. “अगदी असंच दुसरं हवं,” गाणी काढणाऱ्या कंपनीची माणसं रोज म्हणत. शेवटी फोन घरीच ठेवून ती दुचाकीवरून कोकणात आली होती.

खाडीवर कोवळं ऊन पसरलं होतं. पाणी इतकं संथ, की बोट चालली आहे की किनाराच सरकतो आहे, ते कळेना. तेवढ्यात मागून तिचंच गाणं ऐकू आलं. दोन कोळणी रिकाम्या टोपलीवर ठेका धरून गात होत्या,

“वादळ आलं दारात, त्याला खेळव गं...”

ऊर्मी दचकली. आई गेली त्या वर्षी तिने लिहिलं होतं, ‘त्याला घालव गं’. लिहिताना ती अक्षरशः ओरडली होती. जवळ जाऊन तिने हळूच आपले शब्द म्हटले.

“चुकलंस गो बाय,” थोरली हसली. “घालव न्हाय, खेळव. दारात आलेल्याला कोन घालवतं?”

ऊर्मीचे डोळे भरून आले. आपण कोण, हे तिने सांगितलं नाही.

“मावशी, मला शिकवाल?”

बोट धक्क्याला लागेपर्यंत ती आपलंच गाणं नव्याने शिकत राहिली. उतरताना तिच्या ओठांवर एक ओळ आली, जी अजून कुणीच गायली नव्हती.