साडेनऊचा फोन

फूटपट्टीनं आल्या आल्या टोपली मागितली. "फोन बंद करून यात टाका. सगळ्यांनी." मग स्वतःचाही बंद करून वर ठेवला, जणू केवढा त्याग केला. तपासणी चालू असताना कुणाचं लक्ष विचलित व्हायला नको, ही त्याची स्वतःची शिस्त. नियमांत ती कुठंच नव्हती.

फूटपट्टी हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण शहरातल्या सगळ्या पाळणाघरांत तो याच नावानं ओळखला जाई. खिशात कायम स्टीलची पट्टी. पाळण्याच्या दोन गजांमधली फट सहा सेंटिमीटरच्या वर गेली की स्वारी लॉटरी लागल्यासारखी खूश. पंचवीस वर्षं तपासनीस होता, आणि पंचवीस वर्षांत एखाद्या रडणाऱ्या पोराला त्यानं साधं चुचकारलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आज तर त्याची सकाळच बिघडलेली होती. मुलगा परगावी, सुनेची कारखान्यात पहाटेची पाळी, घरभर धांदल, त्यात चहाही नीट झालेला नाही. कधी एकदा कुणावर तरी राग काढतो, असं झालं होतं त्याला.

पाळणाघराची बाई हात जोडूनच उभी होती. तिच्या परवान्यावर आधीचे दोन शेरे होते. एक कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडं म्हणून, दुसरा आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख पुसट म्हणून. तिसरा शेरा पडला की दाराला टाळं. अकरा वर्षांचं पाळणाघर, तीन मदतनीस बायका आणि चौदा पोरं, सगळ्यांचं त्या एका शेऱ्यावर अडलेलं.

म्हणून तिनं काही बाकी ठेवलं नव्हतं. प्रत्येक दुधाच्या बाटलीवर नाव, प्लगच्या भोकांना झाकणं, तान्ही पोरं उताणी झोपवलेली. फूटपट्टीनं गज मोजले, कपाटाच्या कडांवरून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं. बोट स्वच्छ निघालं. त्याचं तोंड कडू झालं.

साडेनऊला पाच मिनिटं कमी असताना बाईनं हजेरी पाहिली. तेरा आली होती. एका मुलीचा पत्ता नव्हता आणि घरून निरोपही नव्हता. अशा वेळी साडेनऊच्या आत घरी फोन करायचा, हा नियम तिला पाठ होता. तिनं टोपलीतला फोन घेण्याची परवानगी मागितली.

"आधी गरम पाण्याचा नळ," फूटपट्टी म्हणाला.

नळ झाला. मग साबण, मग लंगोट बदलायचं टेबल. बाईनं आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी त्यानं मान हलवली तेव्हा नऊ बेचाळीस झाले होते. मुलगी आजीकडं होती, पोट बिघडलं होतं, कळवायचं राहिलं. आजीनं उलट माफीच मागितली.

फूटपट्टीनं पेन काढलं.

"बारा मिनिटं उशीर," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"साहेब, मी तीनदा विचारलं. तुम्हीच अडवून धरलंत."

"साहेबांनी थांबवलं तर चालेल, असं कलम आहे का कुठं?" त्यानं मान वर केली नाही. "हा नियम उगाच नाही बाई. मूल घरून निघतं आणि इथं पोचत नाही. मग मधे जातं कुठं? आजकालच्या आईबापांना धड शुद्ध असते का? विसरतात. म्हणून तुम्ही फोन करायचा. माझी नात जाते तिथं नऊ एकतीस होत नाहीत. ती जागा मी शोधली आहे, सुनेनं नव्हे."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून त्याला जरा बरं वाटलं.

मग आईबापांना फोन गेले. कुणी कचेरीतून धावत आलं, कुणी दुकान अर्धवट टाकून. पोरं पेंगुळलेली, कावरीबावरी. एक बाप फूटपट्टीला चार शब्द सुनवायला पुढं झाला, पण टाळं लावायचा कागद पाहून पोराला कडेवर घेऊन निघाला. शेवटचं पोर जाईपर्यंत दाराला मोहर लावता येत नव्हती, म्हणून फूटपट्टी पंख्याखाली खुर्ची ओढून बसून राहिला. मदतनीस बायकांपैकी एकीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारायचंच कशाला मेल्याला, असं ती दुसरीला म्हणाली, तेही त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

बारा वाजता दारावर कागद चिकटला. बाई पायरीवरच बसली. फूटपट्टीनं टोपलीतून आपला फोन उचलला, चालू केला आणि तिच्याकडं न बघता बाहेर पडला. काम कसं चोख झालं होतं.

फाटकाशी पोचेपर्यंत फोन एकसारखा वाजू लागला. एकामागून एक निरोप येत होते, सगळे नातीच्या पाळणाघरातून. पहिला बरोबर साडेनऊचा.

"आजोबा, चिमी अजून आली नाही. आज घरीच आहे का?"

"तुमचा फोन लागत नाही. सूनबाईंचाही लागत नाही. कृपया कळवा."

असे अकरा होते. शेवटचा आत्ताचा.

"सूनबाईंशी बोलणं झालं. त्या म्हणतात, पहाटे कामावर जाताना चिमीला तयार करून तुमच्याकडं दिली होती. शेजारीण म्हणते, निघताना तुम्ही तिला झोपलेलीच गाडीत मागं ठेवलीत."

गाडी समोरच होती. काचा वर केलेली, नऊ वाजल्यापासून उन्हात.